सोलापुरातून आकाशदर्शन : दुर्बीण घेण्याआधीचे एक वर्ष

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांच्या सातवीतल्या मुलीला ग्रह-ताऱ्यांची ओढ लागली असून तिच्यासाठी पंचवीस हजारांपर्यंतची दुर्बीण घेण्याचा त्यांचा विचार आहे. कोणती घ्यावी, शहराच्या उजेडात तिचा काही उपयोग होईल का, आणि चांगले आकाश पाहायचे तर सह्याद्रीतच जावे लागते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. गेली तीस वर्षे मी सोलापुरात राहूनच आकाश पाहत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सह्याद्रीत जाण्याची मुळीच गरज नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात आणि हिवाळ्यात दरीतले धुके वर येते. आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत इथल्या बहुतेक रात्री कोरड्या आणि निरभ्र असतात. शिवाय मंगळवेढ्याकडची काळी जमीन इतकी सपाट आहे की तारा अक्षरशः मातीतून उगवताना दिसतो, मधे डोंगर येत नाही.

याहून मोठी जमेची बाजू म्हणजे आपला अक्षांश. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा आपल्याला उत्तर क्षितिजापासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसतो. हात पुरता लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ ठेवावी, तिच्यावर दुसरी ठेवावी, आणि दुसरीच्या माथ्याच्या किंचित खाली ध्रुव शोधावा. उत्तरेला ध्रुव जितका खाली, तितके दक्षिणेचे आकाश वर येते. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला सर्वांत उंच येतो आणि त्याची उंचीही दोन मुठींइतकीच भरते. एकाच गच्चीवर उभे राहून आधी उत्तरेकडे आणि मग दक्षिणेकडे तोंड करून मुलीला या मुठी मोजायला लावा. आपण पृथ्वीच्या गोलावर नेमके कुठे उभे आहोत, हे तिला त्या पाच मिनिटांत कळेल. हाच अगस्त्य दिल्लीत नऊ अंशांच्या वर जात नाही आणि लंडनमधून तर तो कधीच उगवत नाही. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा आपल्याकडे इतका सहज दिसतो, आणि तरीही त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता अडचणी. शहरातले पांढरे एलईडी दिवे, लग्नाच्या लॉनवरचे झोत आणि गावोगावी चौकात उभे राहिलेले हायमास्ट यांनी आकाशाचे बरेच नुकसान केले आहे. होळी झाली की हवेत धूळ वाढत जाते. उसाच्या गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर संध्याकाळी क्षितिजावर पसरतो. तुमच्या गच्चीवरून आकाश कितपत दिसते हे ठरवण्यासाठी इंग्रजी पुस्तके ध्रुवमत्स्यातले तारे मोजायला सांगतात, पण तो तारकासमूह आपल्याकडे क्षितिजाच्या धुळीत इतका खाली असतो की त्या मोजणीला अर्थ राहत नाही. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत डोक्यावर येणाऱ्या कृत्तिका मोजाव्यात. सहा चांदण्या सुट्या मोजता आल्या तर तुमची गच्ची बरी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुष्य नक्षत्राच्या जागी कापसाच्या बोळ्यासारखा पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर ती जागा उत्तम समजावी. जुळे सोलापुरातून तो दिसणार नाही. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर दिसेल.

दुर्बीण मात्र आत्ता घेऊ नका. पैसे बाजूला ठेवा आणि एक वर्ष आधी आकाशाशी ओळख करून घ्या, कारण आकाशाचा नकाशा डोक्यात नसेल तर दुर्बिणीतून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून अनोळखी वाडा पाहण्यासारखे होते. मुलगी चंद्र पाहील, गुरू पाहील, आणि तिसऱ्या महिन्यात दुर्बीण माळ्यावर जाईल. अशा माळ्यावर गेलेल्या कितीतरी दुर्बिणी मी पाहिल्या आहेत.

ओळख करून घेण्याचे सर्वांत सोपे साधन बहुधा तुमच्या घरातच भिंतीवर किंवा देवघरात असेल, ते म्हणजे पंचांग. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघते. फलज्योतिषाशी आपल्याला इथे काही कर्तव्य नाही. पंचांगातला खगोलीय भाग तेवढा घ्यायचा. रोजच्या ओळीत चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते दिलेले असते. संध्याकाळी ते वाचावे, गच्चीवर जावे आणि चंद्राच्या आसपास ते नक्षत्र शोधावे. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत ताऱ्यांमधून एक फेरी पूर्ण करतो आणि नक्षत्रे २७ आहेत, त्यामुळे तो रोज साधारण एक नक्षत्र पुढे सरकतो. आज रोहिणीच्या लालसर ताऱ्याजवळ असलेला चंद्र उद्या मृगाच्या डोक्याशी आणि दोन-तीन दिवसांनी पुनर्वसूच्या जोडीजवळ दिसतो. एक बारकावा लक्षात ठेवावा. पंचांगातली नक्षत्रे १३ अंश २० कलांच्या समान भागांची असतात, पण आकाशातले तारे असे समान अंतरांवर नाहीत, त्यामुळे कधी कधी पंचांगात एक नक्षत्र आणि डोळ्यांना दुसऱ्याचा तारा जवळ, असे होते. मुलीच्या हे लक्षात आले आणि तिने विचारले, तर समजावे की ती खरोखर निरीक्षण करू लागली आहे.

याच वाटेने महिन्यांची नावेही उलगडतात. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांच्या जवळ, मार्गशीर्षातली मृगशीर्षाजवळ, माघातली मघेजवळ, चैत्रातली चित्रेजवळ. आपल्याकडचा शेतकरी ७ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ म्हणतो, तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात गेलेला असतो आणि म्हणूनच त्या दिवसांत मृग आकाशात मुळीच दिसत नाही. तो दिसतो हुरड्याच्या दिवसांत, जेव्हा सूर्य आकाशाच्या नेमका पलीकडच्या बाजूला असतो. रात्री हुरडा भाजून झाला की शेकोटीकडे पाठ करून पूर्वेकडे पाहावे. खेड्यातली जुनी माणसे मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतात. तीच रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो आणि वर वाढवली की रोहिणी, तिच्याही पुढे कृत्तिका. या एका रेषेवर निम्मे हिवाळी आकाश पाठ होते.

शेकोटीकडे पाठ करायला सांगितले त्याचे कारण आहे. डोळ्याची बाहुली काही मिनिटांत मोठी होते, पण दृष्टिपटलातले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुरेसे तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा पेटला की ही कमाई गेली. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर बांधावेत, कारण लाल उजेडाने हे द्रव्य फारसे मोडत नाही. ‘स्टेलेरियम’ हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते घरी पाहून घ्यावे, गच्चीवर नको.

नुसत्या डोळ्यांनी खरे विज्ञान करता येते, हे मुलीला दाखवायचे असेल तर ययाती या तारकासमूहातला मायावती हा तारा घ्यावा. हा एक तारा नसून एकमेकांभोवती फिरणारे तारे आहेत आणि त्यांतला मंद तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या, विशीही न गाठलेल्या कर्णबधिर तरुणाने या तेजबदलाची नियमितता मोजली आणि असे ग्रहण हे त्याचे एक कारण असू शकेल, असे सुचवले. त्याच्याजवळ होते ते डोळे, घड्याळ आणि चिकाटी.

डिसेंबरमधली अशी एक रात्र मला चांगली आठवते. मायावती आमच्या गच्चीवरून जवळजवळ डोक्यावर होता. रात्री आठ वाजता तो देवयानीच्या पायाकडच्या ताऱ्यापेक्षा किंचित फिका वाटला. तसे मी वहीत लिहिले आणि चादर लपेटून कठड्याला टेकलो. दहा वाजता तो ययातीतल्याच एप्सिलॉन ताऱ्याच्या, म्हणजे २.९ प्रतीच्या बरोबरीला उतरला होता. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) साडेअकराला त्याची तुलना त्रिकोण तारकासमूहातल्या ३.४ प्रतीच्या ताऱ्याशी करावी लागली. साडेतीन तासांत एक तारा माझ्या डोळ्यांदेखत विझत आला होता, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही त्याची गंधवार्ता नव्हती. त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री सव्वाआठ वाजता तो पुन्हा तितकाच मंद असायला हवा, असे गणित मी वहीत मांडले आणि तिसऱ्या रात्री तो तसाच होता. आकाशाविषयी आपण केलेले भाकीत खरे ठरल्याचा तो आनंद मला नंतर कोणत्याही मोठ्या दुर्बिणीने दिलेला नाही. तुलनेचे तारे जवळपास त्याच उंचीवरचे निवडावेत आणि नजर कुणावरही फार वेळ खिळवू नये, एवढी काळजी घेतली तर एक-दोन दशांश प्रतींपर्यंतचा अंदाज सरावाने जमतो. वहीत तारीख, वेळ, जागा, हवेची स्थिती आणि दिसले ते लिहावे. न दिसलेलेही लिहावे.

चार-सहा महिने असे गेले की १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी. तुमच्या ठरवलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशांत ती चांगली मिळते. यातला १० हा आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. अंधारात पूर्ण उघडलेल्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा असे भिंग सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. कृत्तिका तिच्यात पूर्ण मावतात आणि सहाच्या जागी चाळीस-पन्नास तारे दिसतात. मृगाच्या तिकांड्याखालचा तेजोमेघ धुरकट डागासारखा दिसतो. देवयानी दीर्घिका सापडते, जिच्यातून आज डोळ्यात शिरणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. कोपर कठड्यावर टेकवले तर गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात, आणि रोज त्यांच्या जागा ठिपक्यांनी वहीत काढल्या तर १६१० मध्ये गॅलिलिओने जे केले तेच मुलगी करू लागते. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, तेव्हा पाहावा. आणि सूर्याकडे द्विनेत्री किंवा दुर्बीण कधीही, एक क्षणही, वळवू नये. डोळा कायमचा जातो. घरात मूल असेल तर दिवसा ही साधने कुलपात ठेवावीत.

सूर्याचा एक निर्धोक प्रयोग मात्र सोलापुरात वर्षातून दोनदा करता येतो. ११ मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला सूर्य माध्यान्ही बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. हे १२ वाजता घडत नाही. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात आणि सोलापूर ७५.९ अंशांवर आहे, म्हणून मे महिन्यात तो क्षण साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी येतो. ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा ढग असतात, तेव्हा मे साधावा.

वर्षभरानंतरही ओढ टिकली, तर दुर्बीण जरूर घ्या. तेव्हा एकच गोष्ट पाहा, आरशाचा व्यास. माझी पहिली दुर्बीण मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून, खोक्यावर ‘५२५ पट’ असे छापलेले पाहून आणली होती. तिचे भिंग ६० मिलिमीटरचे होते. इतक्या भिंगाला १२० पटींच्या पुढे काही अर्थ नसतो. साधा नियम असा की व्यासाच्या मिलिमीटरला दोनने गुणावे, त्यापुढची पट म्हणजे मोठा केलेला धूसरपणा. तिची तिपाई इतकी हलकी होती की फोकसच्या चाकाला बोट लावताच शनी नजरेआड होई. त्या एका खरेदीने माझी दोन वर्षे वाया गेली. म्हणून सांगतो, डॉब्सोनियन पद्धतीच्या बैठकीवरची १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची आरशाची परावर्ती दुर्बीण घ्यावी. पैसे कमी पडले तर थांबावे, पण १३० मिलिमीटरच्या खाली येऊ नये. ही बैठक लाकडी पेटीसारखी जमिनीवर बसते, हलत नाही आणि लहान मूलही ती वळवू शकते. सहा इंची आरसा डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. मोटार आणि संगणकावर खर्च होणारा पैसा सुरुवातीला आरशावर खर्च झालेला बरा, असे माझे ठाम मत आहे. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे कडेने वळली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील, तेव्हा वर्षभर थांबल्याने तुमचे काहीच बुडत नाही.

सोलापुरातल्या दुर्बिणीला दोन गोष्टींचा त्रास होतो, धूळ आणि स्लॅब. आरसा वारंवार पुसू नये. थोड्या धुळीने प्रतिमा बिघडत नाही, फडक्याने मात्र ओरखडे कायमचे पडतात. स्लॅबचा त्रास अधिक आहे. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि गुरूचे बिंब उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखे हलते. लोक म्हणतात दुर्बीण खराब निघाली. दुर्बीण चांगली असते. ती अंगणात, मातीवर किंवा गवतावर न्यावी, पाऊण तास झाकण काढून थंड होऊ द्यावी, नाहीतर पहाटे चारला उठावे. पहाटेची हवा स्थिर असते.

बाहेर जायचे झाले तर वद्य अष्टमीनंतर ते शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंतचे दिवस निवडावेत. शहराच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या दिशेने जावे, म्हणजे सोलापूरचा उजेड पाठीशी उत्तरेला राहतो आणि दक्षिण क्षितिज काळे मिळते. नान्नजच्या माळरानाचा मोह होईल, पण ते माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. रात्री तिथे जाऊ नये. ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत उत्तम. त्याला आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर रात्री शेतात लाल दिवा घेऊन फिरणारी माणसे पाहून गाव जागे होते. घोणस आणि फुरशांसाठी पायात बूट आणि पाऊल टाकण्यापूर्वी जमिनीवर उजेड, हे कटाक्षाने पाळावे. सोबतीला अनुभवी माणसे हवी असतील तर पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे.

आणि पहिली मोठी सहल मे महिन्यात, अमावास्येच्या आसपास, आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून धूळ बसली असेल त्या रात्री काढावी. साडेदहाच्या सुमारास चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच येते. तिच्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजाव्यात. तिथे, क्षितिजापासून अडीच मुठींवर, एक तारा इतरांसारखा टोकदार नसून किंचित पसरट दिसेल. तो तारा नाही. नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ आहे, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा. त्याच्या उजवीकडे खाली त्रिशंकूचे चार तारे आणि डावीकडे खाली मित्र व मित्रक असतील. द्विनेत्रीत तो चंद्राएवढा धूसर गोळा वाटतो. सहा इंची दुर्बिणीत मात्र, नजर थोडी बाजूला ठेवून पाहिले, तर त्या गोळ्याचे कण सुटे होऊ लागतात. आधी कडेचे, मग आतले, आणि मग पांढऱ्या ज्वारीची रास उपडी केल्यासारखे सगळे क्षेत्र भरून जाते. युरोपातल्या बहुतेक देशांतून हा गुच्छ दिसतच नाही. मुलीला तो आधी नुसत्या डोळ्यांनी शोधू द्या, मग द्विनेत्रीने, आणि दुर्बीण आलीच असेल तर सर्वांत शेवटी.